थेटरातली बाई आणि आईची हाक

लग्न होऊन निघाले तेव्हा आई टेम्पोपर्यंत आली नाही. पेणच्या पलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. टेम्पो हलला आणि मागून बांधावरून तिची हाक आली. बाबा मिठागरावर असले की ती त्यांना जेवायला बोलवायची, तीच ही हाक. तिच्यात शब्द नसायचे. नुसता लांब सूर, वर चढत जाणारा आणि शेवटी जरासा खाली वळणारा. भरतीच्या पाण्यावरून तो सरकत जायचा आणि तिकडून बाबांचा 'ओ' यायचा. मलाही 'ओ' द्यायचा होता. पण शेजारी सासूबाई बसल्या होत्या. नवी नवरी ओरडणार कशी? मी पदर धरून गप्प बसले.

लोक दुबईला जातात, अमेरिकेला जातात. मी नुसती रोह्याला आले. गाडीत जरा डुलकी लागली की रोहा येतं. तरी वाटतं, लांब आले. आधी रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात भाड्याने राहिलो, मग जवळच वरसेला फ्लॅट घेतला. हे कंपनीत शिफ्टला जातात. बिल्डिंगमध्ये भिंती पातळ, त्यामुळे सगळं हळू बोलायचं. ह्यांना खालून वर बोलवायचं तर मी मिस्ड कॉल देते. माझा आवाज मूळचाच लहान, इथे येऊन तो घशातच राहिला.

आता आईला नीट ऐकू येत नाही, आवाज पोचतो पण शब्द कळत नाहीत. कानातलं मशीन ती डब्यात घालून ठेवते. फोनवर काहीही विचारा, 'व्हय, व्हय' म्हणते. दिवाळीत मी विचारलं, "आई, ओळखलंस ना?" ती म्हणाली, "व्हय." मग दादाला सांगताना ऐकू आलं, "कोन बाई हाय रे, बघ जरा." त्यानंतर मी फोनच केला नाही. दादाकडून खुशाली कळायची, पण आईशी बोलणं संपलं असंच मी धरून चालले होते.

मागच्या महिन्यात ह्यांच्या कंपनीत परदेशी पाहुणे आले. त्यांच्या देशात गाण्याचं नाटक चाललं होतं, ते त्याच वेळी इथल्या थेटरात पडद्यावर दाखवणार होते. ऑपेरा म्हणतात त्याला. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून कामगारांच्या घरी पास वाटले. हे म्हणाले, "जाऊन ये. नाय कळलं तर एसीत झोप."

शेजारच्या सुलभाताईंबरोबर गेले. इथे संध्याकाळ होती, तिकडे दुपार. तिकडच्या लोकांत कुणीतरी खोकलं, तेही आम्हाला ऐकू आलं. सुलभाताई म्हणाल्या, "सुंठ घे म्हणावं." सुरू होण्याआधी एका साहेबांनी सांगितलं, ही माणसं माईक लावत नाहीत, गळ्यानेच शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतात.

अंधार झाला. पडद्यावर निळ्या कापडाचं पाणी हलत होतं. काठावर एक जाडजूड बाई आली आणि तिने सूर लावला.

"काय झालं गो हिला? कुनी मारलं काय?" सुलभाताई कुजबुजल्या.

"गाते ती."

"मग श्वास कवा घेते?"

मी पडद्याकडे बघत होते. भाषा कळत नव्हती, गोष्टही कळत नव्हती. पण सूर वर वर गेला आणि शेवटी जरासा खाली वळला. पाय गार पडले, चिखलात उतरल्यासारखे. अंधारात खाऱ्या पाण्याचा वास आल्यासारखं वाटलं. ती बाई कुणाला बोलावत होती कोण जाणे. मी मनातल्या मनात 'ओ' दिला. सुलभाताईंनी न विचारता रुमाल पुढे केला.

लगेचच्या रविवारी मी माहेरी गेले. आई ओट्यावर मूग निवडत बसली होती. वहिनी तिच्या कानाशी ओरडली, "तुमची लेक आलीय बघा!" आई म्हणाली, "व्हय," आणि मान खाली घातली.

मी घरासमोरच्या बांधावर गेले, तिथून ओटा दिसतो. मिठागरं आता राहिली नाहीत, पाणी मात्र तेवढंच भरलं होतं. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली. पहिली फाटली. दुसरी नीट लागली, वर गेली, खाली वळली.

आईचा हात सुपात थांबला. तिने मान वर केली आणि "ओ" दिला. बाबा द्यायचे तसा, आखूड. मग सूप बाजूला सारून उठली आणि वहिनीला मोठ्याने म्हणाली, "माझी पोर बोलावते. पानं घे गो."

जेवायला बसलो. तिने माझ्या ताटात दोनदा भात वाढला.

काल संध्याकाळी हे खाली गेटपाशी गप्पा मारत उभे होते. आमटी निवत होती. मी मोबाईल हातात घेतला, परत ठेवला आणि गॅलरीत जाऊन हाक मारली. सगळी बिल्डिंग वर बघायला लागली. हे गोंधळले, मग हसून म्हणाले, "ओ. आलो, आलो."

मला लाज वाटली, पण मी आत पळाले नाही. ते जिना चढून येईपर्यंत तिथेच उभी राहिले.