खांद्यावरचा हात

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. आरती संपत आली की सगळे जागच्या जागी स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतात. जन्मभर घातलेली प्रदक्षिणा, त्यात कसलं आलंय कौशल्य? पण दोन वर्षांपूर्वी आईचा तोल गेला तो नेमका तिथेच. भिंतीला टेकली म्हणून वाचली. आरतीचं तबक हातात धरून भावाने सगळ्यांदेखत जाहीर केलं, "पुढच्या वर्षीपासून खुर्ची."

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. आम्ही दोघीच गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर. मी लग्न केलं नाही, म्हणून आई माझ्या वाट्याला आली असं नातेवाईक म्हणतात. भाऊ ठाण्याला असतो आणि फोनवरून आईला सांभाळतो.

खुर्चीचं तिला फार लागलं. चैत्रात शेजारच्या वाडीतल्या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून व्यायामाचा क्लास सुरू झाला, तेव्हा मला न विचारता ती नाव घालून आली. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट म्हणजे कालची पोर, पण आई तिचं सगळं ऐकायची. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. एका पावलापुढे दुसरं पाऊल जोडून सरळ रेषेत चालायचं. एका पायावर उभं राहायचं. "मला गणपतीत फिरायचंय," हे आईने तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मग तिने वळणंही शिकवलं: पायात पाय अडकवायचा नाही, बारीक बारीक पावलं टाकत वळायचं.

घरी दूध तापेपर्यंत आई ओट्याला धरून एका पायावर उभी. आधी दोन्ही हात, मग एक, मग नुसती दोन बोटं. मी धावत जाऊन दंड धरायची. "हात काढ," ती खेकसायची. "मी काय काचेची आहे?" आषाढ संपेपर्यंत ती कशालाही न धरता पूर्ण वळायला लागली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे मला कळलंच नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

श्रावणात हॉलच्या पायरीवर तिची नडगी खरचटली. पडली नाही. ठेचकाळली आणि स्वतःच सावरली. मी मूर्खासारखं ते भावाला फोनवर सांगितलं.

"तुझं लक्ष कुठे होतं?" तो म्हणाला.

एवढ्याने माझी गाळण उडाली. उद्या खरंच पडली तर सगळे मलाच बोल लावणार. मी आईचा क्लास बंद करून टाकला. क्लासच्या त्या मुलीचा फोन आला, "ताई, बसून राहिल्या तर जास्त पडतील हो. सावरल्या ना त्या? त्यासाठीच तर करतोय हे."

"उचलायला तुम्ही येणार आहात का?" असं म्हणून मी फोन ठेवला. आई दोन दिवस माझ्याशी भांडली.

गणपतीत हात असलेली खुर्ची मांडली, तिला पुढे बसवलं. प्रदक्षिणेची वेळ आली तशी ती हात न टेकता, शिकवलं होतं तशी उठायला लागली. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. चांगला जोर लावावा लागला, इतकी ताकद तेव्हा तिच्या पायांत होती. ती बसली. प्रसाद घेताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "आईला किती जपतेस गं!" सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

मग मी जपतच सुटले. पाणी हातात, ताट हातात, गोळ्या हातात. आमच्या घरांत म्हातारं माणूस कामाला उभं दिसलं की मुलांची अब्रू जाते. आईने वाद घालणं सोडून दिलं. दिवाळीत खुर्चीतून उठायला ती माझा हात मागू लागली. फाल्गुनात एका दुपारी पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये पडली. अंतर चार पावलांचं. खुब्याचं हाड मोडलं.

भाऊ हॉस्पिटलात आला तो तेच म्हणत, "तुझं लक्ष कुठे होतं?"

लक्ष तिच्यावरच होतं. माझ्या आयुष्यात लक्ष द्यायला दुसरं होतं काय? पण खरं सांगायचं तर मी तिला जपलंच नाही. मी जपलं मला, त्याच्या त्या एका वाक्यापासून. आणि तेही शेवटी ऐकावं लागलंच.

यंदा आरतीच्या वेळी आई पलंगावर होती. सगळे फिरायला लागले, तेव्हा माझं लक्ष तिच्या पांघरुणाकडे गेलं. खाली तिची पावलं हलत होती, बारीक बारीक, एकात एक न अडकवता. मला वाटलं, पांघरूण सरकेल. मी सवयीने पुढे होऊन तिच्या पायांवर हात ठेवला.

"हात काढ," आई म्हणाली.

मी काढला.