जहाजावरून कोणीही गेलं नव्हतं

“कोणीही गेलेलं नाही!”

जहाजाचा फोटो पाहून कोणी सुस्कारा सोडला, की डॉक्टरीणबाई ताडकन एवढंच म्हणायच्या आणि फोटो हातातून काढून घ्यायच्या.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली पंधरा-वीस वर्षं. जयपूरच्या बायकांच्या इस्पितळात आम्ही दोघीच मराठी. त्या वरच्या डॉक्टर, मी हाताखालची, राहायला शेजारच्याच क्वार्टरमध्ये. त्यांनी लग्न केलं नव्हतं. दर वर्षी रजा काढून, सवाई माधोपूरला गाडी बदलून त्या मुंबई गाठायच्या आणि बंदरातल्या जहाजांचे फोटो काढून परत यायच्या. फिल्म घरीच न्हाणीघरात धुवायच्या. उन्हाळ्यात नळाला कढत पाणी येई, आणि फिल्मला तर गारच लागे. मग आमच्याकडे येऊन, “माठ रिकामा करतेय गं,” म्हणत सगळं गार पाणी घेऊन जायच्या.

आता तुम्हीच सांगा. हा नाद एखाद्या पुरुषाला असता तर लोक म्हणाले असते, हौशी माणूस आहे. बाईचं लग्न झालेलं नाही आणि ती जहाजांचे फोटो काढते, म्हणजे तिचा कोणीतरी विलायतेला गेला आणि परतलाच नाही! जयपूरच्या मराठी घरांनी ही गोष्ट घरबसल्या रचली. त्या माणसाला कोणी इंजिनियर केला, कोणी बॅरिस्टर.

मी एकदा सरळ विचारलं, “मग जहाजंच का, बाई?”

“दिवसभर मला हाका. इकडे एक अडलीय, तिकडे एकीचं रक्त थांबत नाही. घरी आले तरी दारात कोणाचा तरी नवरा उभा. जहाज एवढं अवाढव्य, पण ते माझ्याकडे काही मागत नाही. आणि दिसतं किती देखणं! पुरे नाही का एवढं?”

मला पुरे होतं. लोकांना नव्हतं.

एका गणेशोत्सवात तिथल्या मराठी मंडळानं त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं. बाई हौसेनं नवी साडी नेसून आल्या. दारातच पाटी होती: ‘विरहिणीची जहाजे’.

“हे कोणी लिहिलं?”

“मीच, ताई,” मंडळाचे चिटणीस हसत म्हणाले. “मतलब, लोकांच्या काळजाला भिडायला हवं ना?”

“या गावात इतकी बाळंतपणं केली मी. तुमच्या दोन्ही मुलींचीसुद्धा. ते नाही भिडलं?”

सगळ्यांदेखत त्यांनी एकेक फोटो भिंतीवरून उतरवला. मी खुर्चीवर चढून वरचे काढून दिले. पुन्हा त्यांनी मंडळात पाऊल टाकलं नाही.

काही वर्षांनी, नोकरीत असतानाच, कावीळ होऊन त्या गेल्या. शोकसभेत तेच चिटणीस बोलायला उभे राहिले. “त्यांनी जन्मभर एका जहाजाची वाट पाहिली...” बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या.

मी उठले. “खोटं आहे हे! साफ खोटं!”

“ताई, गेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये,” ते मलाच समजावू लागले. मी तिथून निघून आले. तो संताप अजून ओसरलेला नाही.

बाईंबरोबर मी एकदाच मुंबईला गेले होते. भाऊच्या धक्क्यावर पदर खोचून त्या मासळीच्या उलट्या टोपलीवर चढल्या होत्या आणि छातीशी धरलेल्या कॅमेऱ्यात वरून डोकावत होत्या. समोर मालाचं भलंमोठं जहाज. ऐन वेळी एक होडी मध्ये आली.

“ए, सरक की मेल्या!”

बाई केवढ्यांदा ओरडल्या! होडीवाला दचकून बाजूला झाला. जहाज पुरतं दिसलं, कॅमेऱ्याची कळ दाबली गेली, आणि बाई त्या टोपलीवरच खळखळून हसल्या.