नाक पळतं कुठे?

जपानात इचिकावाला राहत होतो तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरचे जपानी आजोबा म्हातारपणी इंग्रजी शिकत होते. सकाळी कचऱ्याच्या जागी पहाऱ्याला उभे. कचरा नियमाप्रमाणे वेगळा केलाय ना, म्हणून माझी पिशवी निरखून झाली की विचारायचे, "इंग्रजीत नळ रन होतो, नाक रन होतं, तुमच्या नवऱ्याचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅमही रन होतो. हे सगळे पळतात तरी कुठे?" त्या शब्दानं त्यांना छळलं आणि त्यांनी मला. शिवाय, उशीर झाला की पिशवी घरी परत न्यायला लावायचे, दयामाया नाही.

मला नववा महिना लागला आणि एकदा उशीर झालाच. कचऱ्याची गाडी वळणावर पोचलेली. मी धावणार, तोच आजोबांनी माझ्या हातातली पिशवी हिसकावली आणि सपाता फटफटवत गाडीमागे सुटले.

धापा टाकत परतले नि म्हणाले, "हा रन मला येतो."