दारापेक्षा मोठी चाळ

बातमी आली तेव्हा मी एका बाईंशी पॉपलीनच्या तुकड्यावरून हुज्जत घालत होतो. हिंदमाताला माझं कटपीसचं दुकान आहे. फुटपाथवर चादर पसरून सुरुवात केली होती, त्यामुळे भाव सोडायचा म्हटलं की अजून पोटात दुखतं. बाई दोनदा पायरी उतरून दोनदा परत आल्या होत्या, म्हणजे घेणार हे नक्की होतं. तेवढ्यात आमच्या चाळीतले तात्या समोर येऊन उभे राहिले. टोपी काढून हातात धरली होती. "दत्ताराम गेला रे," एवढंच म्हणाले. मी बाईंना म्हणालो, "तुम्ही म्हणता तेच द्या." बाईच घाबरल्या. तुकड्यात काही खोट असेल म्हणून त्यांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि न घेताच निघून गेल्या.

दत्ताराम आणि मी डिलाईल रोडच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. दोघांचे वडील एकाच गिरणीत, एकाच खात्यात. मी सातवीत शाळा सोडली. तो मॅट्रिक झाला आणि फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागला. साहेबानं काढलेले नकाशे खळ दिलेल्या पारदर्शक कापडावर शाईनं गिरवायचे, हे त्याचं काम. वाया गेलेलं ते कापड तो घरी आणायचा. धुऊन खळ काढली की असं तलम निघायचं की माझ्या दुकानातही तसलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, दोन्ही मुलींची झबली त्याचीच शिवली. मोठ्या लोकांच्या बंगल्यांच्या पुसट रेघा अंगावर घेऊन त्या पोरी आमच्या गॅलरीत रांगायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या न्हाणीघरांची मापं गिरवायची, जी न्हाणीघरं आमच्या खोलीहून मोठी, आणि संध्याकाळी त्याच खोलीत येऊन मोरीपाशी अंग आक्रसून हातपाय धुवायचे. वीस वर्षं त्यानं हे केलं. मी असतो तर डोकं फिरून कुणाच्या तरी अंगावर शाईची दौत फेकली असती. दत्तारामनं चाळ बांधायला घेतली.

पुठ्ठ्याची चाळ. एक फुटाला एक इंच, या मापानं. कापडाचं ठाण ज्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं असतं तो ठाण संपल्यावर मी टाकून देत असे. तो ते सगळे घेऊन जाऊ लागला. "राज्य झालं की अशा चाळी होतील," तो म्हणायचा. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. सभा, मोर्चे, हरताळ यांनी गिरणगाव नुसतं पेटलेलं होतं. माझं दुकान आठवड्यातून दोनदा बंद, म्हणून मी सगळ्यांवरच चिडलेला. राज्य मलाही हवंच होतं, पण दत्ताराम त्या राज्यात आधीच राहायला गेला होता. प्रत्येक खोलीत स्वतंत्र नळ, स्वतंत्र संडास, दोन बाजूंना खिडक्या. जिना असा रुंद की घागर घेऊन चढणारी बाई आणि आजाऱ्याला खुर्चीत बसवून उतरवणारी माणसं समोरासमोर आली तरी कुणी मागं सरायचं नाही. वर पाण्याची टाकी. खाली वाचनालय, त्यात काड्यापेटीच्या काड्यांची बाकं.

तळमजल्यावरच आमचं वाजलं. मी म्हणालो, "एक दुकान ठेव."

"हंय दुकान नाय."

आम्ही चिडलो की मालवणीत शिरायचो. "पुठ्ठे कोणाचे? माझे ना? मग एक गाळो माका दी."

"बाबल्या, लोक वाचायला खाली येतील. तुझी ओरड ऐकायला नाही."

मी अर्ध्या गाळ्यावर आलो. जिन्याखालच्या फळकुटावर आलो. शेवटी म्हटलं, बाहेर फुटपाथ तरी दाखव, मी तिथं चादर टाकतो. तो हसला, पण दिला नाही. ज्यानं आयुष्यात कुणाशी भाव केला नाही असा माणूस, आणि माझ्याशी मात्र एक इंचही सोडेना. हा राग मी अजून धरून आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण माझ्याच पुठ्ठ्यांच्या चाळीत मला जागा नाही, हे मी कसं गिळायचं?

चाळ पुरी व्हायला तीन वर्षं लागली. त्या वर्षी काळाचौकीच्या एका मंडळानं गणपतीत होऊ घातलेल्या राज्याचा देखावा करायचं ठरवलं आणि दत्तारामची चाळ मागितली. दत्ताराम कोरा सदरा घालून तयार. मंडळाची चार माणसं हातगाडी घेऊन खाली थांबलेली. आम्ही चाळ उचलली आणि दारापाशी आणली... आणि थांबलो. दार अडीच फूट. चाळ सव्वातीन फूट रुंद. आडवी करून पाहिली, तर टाकी काढूनही उंची तीन इंच जास्त. तिरपी केली, उलटी केली. खिडकीला लोखंडी गज. इंचाइंचाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसानं तीन वर्षांत स्वतःच्या दाराला पट्टी लावली नव्हती. सगळा मजला गॅलरीत जमला होता. तात्या म्हणाले, "दत्ताराम, आता दारच मोठं बांध." लोक हसले, सगळ्यांत मोठ्यानं मी. दत्ताराम पट्टी घेऊन दाराची चौकट पुन्हा पुन्हा मोजत होता, जणू एखाद्या वेळी ती जास्त भरेल.

मी तडक घरमालकाचं भाडं वसूल करणाऱ्या मेहत्याकडे गेलो, चौकट काढू द्या म्हणून. "चौकट काढाल तर भिंत खाली येईल," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग मी दत्तारामला सांगितलं, करवत आणतो, मधोमध कापू, तिकडे नेऊन परत जोडू. तो म्हणाला, "करवत एक सूत खाते रे. गेलेलं सूत परत येत नाही. मग जोडलं तरी जुळणार नाही."

"एका सुतानं काय होतंय? इंचाचा आठवा भाग! मी रोज शेकडो वार कापतो."

"तुझी कात्री काही खात नाही. करवत खाते."

तो हटला नाही. हातगाडी रिकामी गेली. चाळ पुन्हा खिडकीखाली दोन लाकडी घोड्यांवर चढली ती कायमची. दुसरीकडे सरकवायची तर एका बाजूला चूल आणि मोरी, दुसऱ्या बाजूला दार. मुली चाळीच्या खाली झोपू लागल्या. वहिनी कपडे वाळवायची दोरी तिच्या टाकीला बांधू लागल्या. ती टाकी तेवढ्या एका कामाला आली.

गेल्या हिवाळ्यात त्याला खोकला जडला, तो सुटेना. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, छातीला मोकळी हवा पाहिजे, यांना खिडकीजवळ झोपवा. खिडकीजवळ चाळ होती, सगळी खिडकी अडवून. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आमच्यात हे न बोलता ठरलं होतं, की जे कुणाला पटत नाही ते मी पटवायचं. चाळ कापू दे म्हणून मी पटवायला बसलो. गोड बोललो, ओरडलो, मुलींची शपथ घातली. गाळ्याचा हट्ट सोडतो म्हणालो, म्हणजे माझ्या दृष्टीनं केवढी सूट! तो म्हणाला, "बाबल्या, मी बरा झालो की बघू." मी म्हणालो, "अरे गाढवा, तुझ्या चाळीत प्रत्येक खोलीला दोन खिडक्या आहेत आणि तुला एक मिळत नाही!" वहिनी मोरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी तरातरा उठून गेलो आणि महिनाभर त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. एकाच मजल्यावर राहून. त्याचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा आणि मी माझ्या खोलीत रागावून बसायचो.

मग राज्य झालं. सगळ्या गिरणगावात रोषणाई, गुलाल, पेढे. मला राहवेना. पेढे घेऊन गेलो. संध्याकाळ होत आली होती. दत्ताराम दाराजवळ भिंतीशी पडून होता, पार वाळलेला. मी म्हणालो, "चल, उचलून गॅलरीत नेतो, दिवे बघ." त्यानं मान हलवली आणि बोटानं समोर दाखवलं. मागच्या रस्त्यावर माळा लागल्या होत्या आणि त्यांचा उजेड खिडकीतून चाळीच्या मागून येत होता. पुठ्ठ्याच्या सगळ्या छोट्या खिडक्या पिवळ्या झाल्या होत्या. प्रत्येक खोलीत दिवा. "बघ," तो म्हणाला, "लोक राहायला आले." आमच्या खऱ्या चाळीत तेव्हा नळावर भांडण चाललं होतं, पाणी अजून सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास, पूर्वीइतकंच. ते त्यालाही ऐकू येत होतं. मी पेढा त्याच्या तोंडात घातला. अर्धा खाल्ला त्यानं... ती आमची शेवटची भेट; दुसऱ्याच दिवशी तात्या दुकानात आले.

हवा मिळाली असती तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण रात्री पडल्या पडल्या मी अजून तोच सौदा करत असतो. कुठे चुकलो, आधी काय मागायला हवं होतं, कुठे गप्प बसायला हवं होतं. वाटेल ते वाटेल त्याच्या गळ्यात मारणारा मी, एका माणसाला त्याच्याच खिडकीपाशी नेऊ शकलो नाही.

तेरावं झालं तशा वहिनी म्हणाल्या, "भावजी, करवत आणा. मुलींना खिडकी हवी." आवाज अगदी साधा होता. मी सुताराला बोलावलं नाही, स्वतःच कापली. जिना मधोमध होता, करवत त्यातूनच गेली. कापताना तळमजल्यात डोकावून पाहिलं, न जाणो, माझ्या पाठीमागं एखादा गाळा काढला असेल. नव्हता. बाकं तेवढी होती. मग दोन्ही अर्धुकं एकामागून एक दारातून सहज बाहेर गेली. गॅलरीत पुन्हा सगळे जमले होते, या वेळी कुणी हसलं नाही. आत मोठी मुलगी गज धरून खिडकीत उभी राहिली होती.

चाळ आता माझ्या दुकानात आहे, ठाणांच्या मागच्या फळीवर. एक सूत खरंच गेलं आहे. दोन्ही भाग टेकवले की जिन्याचा तिरका कठडा मध्येच तुटतो. एक भाग किंचित उचलला की कठडा नीट जुळतो, पण मग मजले वरखाली होतात, दोन्ही बाजूच्या गॅलऱ्या एकमेकींना लागत नाहीत. मजले जुळवावेत तर कठडा तुटतो. दुकान बंद करायच्या आधी मी रोज हे करून बघतो. या दोन्हींतलं एक तरी सोड, असं म्हणायला समोर कुणी नाही... एक बाजू उचलून धरतो, बघतो, आणि हात भरून आला की खाली ठेवतो.