आमी इथंच हाव : स्टँड रोडच्या कमिटीचे किस्से

आंदोलनाचं एक असतं बघा. मागण्या काय होत्या ते लोक दोन वर्षांत विसरतात. निवेदनं फायलीत जातात. पण चार माणसं चहाला बसली, की कुणीतरी "तुला आठवतं का रे, त्या दिवशी..." म्हणून सुरू करतं आणि एकातून दुसरा किस्सा निघत राहतो. आमच्या स्टँड रोडच्या कमिटीचे तर इतके साठलेत, की चहा गार होतो पण किस्से संपत नाहीत!

गावाचं नाव सांगत नाही, कारण साहेब लोक अजून नोकरीत आहेत. धाराशिव जिल्ह्यातलं गाव, एवढं पुरे. भूम, परंडा, कळंब, तिन्हीकडच्या एसट्या आमच्या स्टँडवर थांबतात. स्टँडसमोर रस्त्याच्या कडेला आमची चाळीसेक दुकानं. भाजी, चहा, कटलरी, चपला, शिलाई. माझी झेरॉक्स आणि टायपिंगची टपरी. सगळ्यांची पोटं त्याच रस्त्यावर.

तर नगरपालिकेला त्या जागेचं सुशोभीकरण करायचं होतं. आम्ही उठायचं आणि तिथं कारंजं बसणार. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावात कारंजं!

*

सुरुवात माझ्याच फजितीनं झाली.

एका सकाळी नगरपालिकेचा शिपाई आला. म्हणाला, "आमचं मशीन बंद पडलंय. चाळीस कॉप्या काढा, अर्जंट!"

सकाळी सकाळी चाळीस कॉप्यांचं गिऱ्हाईक! मी खुशीत काढल्या. कागद सरळ लावला, शाई बघितली, गठ्ठा नीट ठोकून त्याच्या हातात दिला. वाचलं मात्र एक अक्षर नाही.

तासाभरानं तोच शिपाई डिंकाची बाटली घेऊन आला आणि त्यातली एक कॉपी माझ्याच दारावर चिकटवून गेला. 'सात दिवसांत अतिक्रमण काढून घ्यावे.'

शेजारी मल्लिनाथअप्पांचं कटलरीचं दुकान. साठीचं वय, कपाळाला भस्म, घरात कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. ते स्वतःच्या दारावरची नोटीस चष्मा लावून शांतपणे वाचत होते. वाचून झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "प्रिंट लई भारी आलीय रे!"

*

त्याच दुपारी अप्पांच्या दुकानापुढं पोती अंथरून मीटिंग बसली आणि कमिटी निघाली. पहिलं भांडण नावावरून.

चपलावाले म्हणाले, नावात चपला पाहिजेत. भाजीवाले म्हणाले, आमी संख्येनं जास्त, आधी भाजी. चहावाले म्हणाले, आमच्या चहावर मीटिंग चाललीय आणि आमचंच नाव न्हाय व्हय? करत करत नाव तयार झालं, 'भाजी-फळे-चहा-कटलरी-चप्पल-शिलाई-झेरॉक्स व इतर छोटे व्यावसायिक संघर्ष कृती समिती.'

बॅनर रंगवणारा पेंटर कापड मोजून म्हणाला, "नाव बसतंय. पण मागणीला जागा उरत न्हाय!"

पुन्हा भांडण. तेवढ्यात मागं बसलेल्या सुनंदाताई बोलल्या. सुनंदाताई म्हणजे आमच्या ओळीतल्या शिलाईवाल्या. नवरा गेल्यावर एका मशीनवर दोन मुली शिकवल्या. एक नर्स, एक कॉलेजात. बोलणं कमी, वाचन जास्त. दर चौदा एप्रिलला त्यांच्या टपरीत नवीन पुस्तकं दिसायची.

त्या म्हणाल्या, "आपण कोण ते अख्ख्या गावाला म्हाईत हाय. आपलं म्हणणं काय, तेवढंच लिवा."

"काय लिवायचं?" पेंटर.

"आमी इथंच हाव."

बस्स! तीनच शब्द. पेंटरनं ते एवढे मोठे काढले, की स्टँडवरून निघालेल्या एसटीच्या शेवटच्या सीटवरून वाचता यायचे.

*

मग मोर्चा. आमच्यापैकी कुणी आयुष्यात मोर्चा काढलेला नव्हता. दुकान बंद ठेवायचं म्हटल्यावर पारूकाकी अडून बसल्या.

पारूकाकी भाजीवाल्या. पासष्टीच्या पुढच्या, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळून बघेल. म्हणाल्या, "मोर्चाला येते की! पण पहाटं खुडून आणलेल्या मेथीनं काय गुन्हा केलाय?"

आल्या, त्या पाटी डोक्यावर घेऊनच आल्या.

अप्पा सगळ्यांच्या पुढं घोषणा देत होते. "छोट्या दुकानदारांची एकजूट!" की मागून सगळे, "झिंदाबाद!" दोनशे पावलांवर अप्पांचा घसा बसला. क्षणभर सगळं शांत. आणि त्या शांततेत काकींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ताजीऽऽ मेथीऽऽ!"

मागून अख्खा मोर्चा ओरडला, "झिंदाबाद!"

हसून हसून पोलीससुद्धा कठड्याला टेकले. पण काकींना त्यातली गंमत कळली की काय कोण जाणे, त्यांनी पुढं "कवळी भेंडी!" दिलं, "गावरान वांगी!" दिलं आणि प्रत्येकाला झिंदाबाद मिळालं. दोन्ही बाजूच्या घरांतून बायका बाहेर आल्या. कुणी भेंडी घेतली, कुणी वांगी घेतली आणि पिशवी हातात धरून तशाच मोर्चात सामील झाल्या.

निघालो तेव्हा आम्ही चाळीस होतो. नगरपालिकेच्या दारात पोचलो तेव्हा माणसं मोजता येईनात. काकींची पाटी मात्र रिकामी!

*

आत नगरपालिकेच्या मुख्याधिकारी साहेबांना भेटायला पाचजणांनाच परवानगी मिळाली. साहेब तरुण, इस्त्रीचा शर्ट, वागायला वाईट नव्हते. फक्त घाईत होते.

"अतिक्रमण म्हणजे अतिक्रमण. कायद्यापुढं मी काय करणार?"

सुनंदाताईंनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी केलेला कायदा. माझ्याच मशीनवर काढलेली कॉपी. ह्या वेळी मी वाचून काढली होती! "ह्यात लिवलंय साहेब, आधी सर्व्हे करायचा. त्याच्याशिवाय कुणाला उठवता येत न्हाय. वाचा."

"ताई, मला आत्ता वेळ नाही."

"मग मी वाचते. तुम्ही ऐका."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. सावकाश, एकेक कलम, शाळेत धडा वाचावा तसं. साहेबांचा चहा आला, त्यावर साय धरली. एकदा त्यांनी फोन उचलला तर ताई थांबल्या, त्यांनी फोन ठेवल्यावर तोच शब्द पकडून पुढं वाचू लागल्या.

शेवटी साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही वकील आहात का?"

"न्हाय साहेब. मी ब्लाऊज शिवते. माप घेतल्याबिगर कापडाला कात्री लावत न्हाय. तुमी तर माणसं उठवायला निघालाव!"

साहेबांनी तो गार चहा एका घोटात संपवला.

*

साहेबांचं उत्तर आठव्या दिवशी सकाळी आलं. जेसीबीच्या रूपानं.

खरं सांगतो, त्या दिवशी हसायला काही नव्हतं. तो पिवळा पंजा वर उचललेला, मागं दोन गाड्या पोलीस. अप्पा आपल्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसले होते. आम्ही हात धरून ओळीनं उभे राहिलो. सुनंदाताई बॅनर घेऊन मधोमध.

तेवढ्यात भूमची एसटी आली. रस्ता अडलेला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, कंडक्टर खाली उतरला.

"काय चाललंय?"

"टपऱ्या काढायल्यात," कुणीतरी सांगितलं.

मागून एक धोतरवाले आजोबा उतरले. जेसीबीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि काठी आपटत सरळ येऊन अप्पांच्या शेजारी उभे राहिले. पोलीस म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा, तुमचं काय काम इथं?"

"काम कसं न्हाय? एसटी दोन-दोन तास येत न्हाय. तवर आमी ह्यांच्याच सावलीला बसतो, ह्यांचंच पाणी पितो. तुमच्या कारंज्यात बसू व्हय?"

मग एकेक करत सगळी गाडी खाली उतरली. मागं कळंबची लागली, ती पण उतरली. हायस्कूलच्या बाई आल्या, मोर्चातल्या पिशवीवाल्या बायका आल्या. बघता बघता जेसीबी दिसेनासा झाला, नुसता पंजा वर दिसत होता.

साहेब आले, उभे राहिले, लांबवर बघितलं. मग फोन केला. बराच वेळ बोलले. शेवटी जेसीबीच्या ड्रायव्हरला हातानं खूण केली. मागं घे.

जेसीबी रिव्हर्सला टाकला की टीं-टीं-टीं वाजतं ना? तो आवाज स्टँड रोडवरून हळूहळू लांब लांब गेला. अप्पांचे डोळे वाहत होते. म्हणाले, "अशी सनई माझ्या लग्नात पण वाजली न्हाय!"

*

सर्व्हे झाला. चाळीसच्या चाळीस दुकानं यादीत आली. कारंजं रद्द झालं. मग नगरपालिकेच्या हॉलमध्ये परवान्याची सर्टिफिकेटं वाटायचा कार्यक्रम ठरला. हार, माइक, पाहुणे सगळं तयार, आणि ऐनवेळी कळलं की सर्टिफिकेटं ज्या लोखंडी कपाटात आहेत, त्याची किल्ली क्लार्ककडं आहे आणि क्लार्क कुर्डुवाडीला लग्नाला गेलाय. फोन बंद!

हॉलमध्ये मागच्या रांगेत रशीदचाचा बसले होते. चाचा म्हणजे तीस वर्षं कुलूप-किल्लीचं काम करणारा माणूस. त्यांची टपरी कोपऱ्यावर, म्हणून आमच्या नोटिसांच्याही आधी नगरपालिकेनं ती गाडीत घालून नेली होती. तेव्हापासून बिचारे घरीच, पण सर्व्हेच्या यादीत नाव आलेलं.

साहेबांना कुणीतरी चाचांकडं बोट दाखवलं. साहेब स्वतः चालत आले. "चाचा, एवढं कपाट उघडून द्या."

चाचा उठले, अदबीनं हात जोडले. "साब, मना न्हाय करत. पर मेरे पास लायसन किधर है? बिगरलायसनचं काम केलं म्हणून तर टपरी गेली."

"अहो, लायसन त्या कपाटातच आहे!"

"वही तो, साब."

हॉल हसून फुटायचा बाकी होता. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला, टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं, 'रशीदचाचा यांना कुलूपदुरुस्तीचा व्यवसाय करण्यास परवानगी देण्यात येत आहे.' खाली सही.

"शिक्का?" चाचांनी विचारलं.

"तो पण कपाटात आहे, चाचा!"

चाचांनी कागद दोनदा वाचला. घडी घातली, वरच्या खिशात ठेवला. मग सावकाश कपाटापाशी गेले. आम्हाला वाटलं आता तार काढतील, कानस काढतील. त्यांनी शेरवानीच्या आतल्या खिशातून एक चकचकीत नवी किल्ली काढली आणि एका फिरकीत कपाट उघडलं!

साहेब बघतच राहिले. "चाचा... ही किल्ली तुमच्याकडं कशी?"

"तुमच्याच क्लार्कनं माप देऊन डुप्लिकेट करायला सांगितली होती, साब. दुसऱ्या दिवशी न्यायला आले, तवर दुकानच तुमी उचलून नेलं!"