बिनआवाजाचं जॅकेट

डुकरं येत नाहीत त्याला माझा रेनकोट कारण आहे, असं मी त्या हिवाळ्यात ठरवून टाकलं.

नंदुरबारजवळ कोरीट गावी आमचं वावर आहे. ते थोरला भाऊ करतो. मी नंदुरबारला सरकारी कचेरीत नोकरी केली आणि तिथंच रिटायर झालो. बायको त्याआधीच गेली. मुलगी लग्न होऊन पुण्याला. वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. ते गेल्यावर तो परवाना माझ्या नावावर झाला. खरं तर वावरात राहणारा भाऊ, बंदूक त्याच्याकडे असायला हवी होती. पण तो म्हणाला, "तुले हौस शे, तुन्हाकडेच ऱ्हाऊ दे." नाल्याच्या काठच्या पट्टीत रानडुकरं फार नासधूस करायची. एका रात्रीत मका लोळवून टाकायची. मी वनखात्याच्या कचेरीत खेटे घालून आमच्या शेतापुरती परवानगी काढून आणली आणि पहिल्याच हिवाळ्यात एक डुक्कर मारलं. तेव्हापासून गावातली माणसं मला शिकारी म्हणायला लागली. मला ते आवडायचं. चाळीस वर्षं साहेब म्हणवून घेतलं त्यापेक्षाही जास्त आवडायचं.

त्यानंतर मात्र काहीच हाती लागेना. दर शनिवारी संध्याकाळी मी पळसाखालच्या आडोशाला जाऊन बसायचो. काठावरचा गारठा हाडात शिरायचा, दवानं पाठ ओली व्हायची, म्हणून अंगात जुना रेनकोट घालायचो. जरा हात हलवला की तो चुरमुऱ्याच्या पिशवीसारखा वाजायचा. एकदा समोर काळं काहीतरी हललं. मी हळूच बंदूक खांद्याला लावली, तोच वहिनीबरोबर मागं बसलेला भाऊ मोठ्यानं खोकला आणि ते काळं पळून गेलं. मी त्याच्यावर चिडलो. "दादा, एक घडी दम धरता उना नही तुले?" पुढचे दोन-तीन शनिवार तो खोकलाही नाही, तरी डुकरं आली नाहीत. मग दोष द्यायला रेनकोटच उरला.

मोबाईलवर मी रोज जॅकेटं बघायला लागलो. परदेशातले शिकारी काय घालतात त्याचे व्हिडिओ बघितले. सॉफ्ट शेल नावाचा प्रकार त्यातच कळला. बाहेरून घट्ट विणीचं, जरासं ताणलं जाणारं कापड, आतून मऊ लव. भुरभुर पाऊस आणि दव वरच्यावर ओघळून जातं, वारा आत शिरत नाही, आणि मुख्य म्हणजे वाजत नाही. धो धो पावसात ते टिकत नाही, पण धो धो पावसात मी कशाला बसणार होतो? मुलीनं पुण्याहून एक मागवून दिलं. ते घातलं तर बाहीला वेल्क्रोची चिकटपट्टी. ती उघडताना असा आवाज झाला की शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, काय फाटलं म्हणून. परत पाठवलं.

शेवटी मी सुरतेला गेलो. नवापूर सोडल्यावर गाडीत माझ्यासमोर एक गृहस्थ बसले, त्यांनी विचारलं, कुठं? मी म्हणालो, खरेदीला. कशाच्या, ते सांगितलं नाही. एकट्या म्हाताऱ्यानं एका जॅकेटासाठी सुरत गाठावी हे मलाच बोलायला जड गेलं.

दुकान डोंगर चढणाऱ्या पोरांचं होतं. विक्रेत्यानं विचारलं, "काका, शेना माटे जोईए?" कशासाठी हवं म्हणून. मी म्हणालो, "पक्षी बघायला." त्यानं लाल, निळी, पिवळी काढली. मी म्हणालो, मातकट दाखव, चकाकणारं नको. मग एकेक घालून मी बाही कानाजवळ नेऊन घासून बघत होतो. एक कापड कुजबुजायचं, एक शिट्टी घातल्यासारखं करायचं. एक चांगलं होतं, पण चेनीची धातूची जीभ टकटक वाजायची. विक्रेत्याला मजा वाटायला लागली. तोही कान पुढं करून ऐकू लागला. शेवटी एक मातकट हिरवं निघालं. चेनीला दोरीचा गोंडा, बाहीला साधं लवचिक कापड. त्यानं बाटलीतलं पाणी खांद्यावर शिंपडलं, थेंब अळूच्या पानावरच्यासारखे घरंगळले. मी दुकानाच्या मधोमध उकिडवा बसलो, उठलो, पुन्हा बसलो. आणि भान हरपून, बंदूक उचलावी तसे दोन्ही हात वर घेऊन डावा डोळा मिटला. समोरच्या एका बाईंनी आपली पर्स छातीशी धरली. विक्रेता हसला. "पक्षी आवी रीते जोवाय?" म्हणाला. पक्षी असे बघतात का? मी घाईघाईनं पैसे मोजले. जॅकेट पिशवीत घालून मी बाहेर पडलो.

पुढच्या शनिवारी मला ते वापरून बघायची इतकी घाई होती की मी नेहमीच्या वेळेच्या बराच आधी निघालो. भावाला फोनवर संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं होतं. ऊन अजून बऱ्यापैकी होतं. घरी गेलो असतो तर वहिनीनं चहाला बसवलं असतं, म्हणून स्कूटर रस्त्याकडेच्या पंपघराशी लावली आणि बांधाबांधानं थेट आडोशात जाऊन बसलो. हात हलवून बघितला. मान वळवून बघितली. आवाज नाही. मला मनातल्या मनात फार हुशार वाटलं.

थोड्या वेळानं मक्यातून भाऊ आणि वहिनी आले. त्यांच्या मागं कुत्रं. ते माझ्यापासून हाकेच्याही आत, नाल्याच्या काठावर टेकले. मी ओळख देणारच होतो. पण भावानं खिशातून सुतळी बॉम्ब काढले, आणि हे काय म्हणून मी थांबलो.

वहिनी म्हणाली, "आज दोनच फोडा. गया शनवारले इतला फोडात, तो पलीकडला ईचारी ऱ्हायना व्हता, तुमना घर लगीन शे का म्हने."

"दोनमा डुकरे जातस का?" भाऊ म्हणाला. "तो येवाना आदुगर पुरा नाला मोकया व्हवाले जोयजे."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. मी यायच्या आधी ते डुकरं हाकलून लावत होते.

"कितला दिन करशात आसं?" वहिनी म्हणाली. "सांगी द्या ना एकदाव भाऊजीसले. तुमले डोयाले दिखत नही, बंदूक ठी द्या म्हनीसन. त्या दिन पारडूले गोयी लागती तं? नि पारडूना मांगे ती मजूरबाई चारा कापी ऱ्हायनी व्हती. मन्हा तं जीव उडी गया व्हता."

"म्हनीसन तं मी खोकलू."

ते काळं म्हणजे डुक्कर नव्हतंच. म्हशीचं पारडू होतं. आणि त्याच्या मागं बाई होती, जी मला दिसलीच नव्हती. मांडीवर बंदूक आडवी होती, तिची नळी धरलेला माझा हात घामानं ओला झाला. चिडलो होतो मी त्याच्यावर! तेही वहिनीच्या देखत.

"घरमा एकला बठी ऱ्हास तो," भाऊ सांगत होता. "भिताडेससंगे बोलस. शनवार उना का फोन करस, दादा, मी ई ऱ्हायनू. तेवढंच शे त्याले. तेबी काढी लेऊ का त्यानापाइन?"

मग वहिनीला हसू आलं. "नवा कोट लिना म्हने भाऊजीसनी. सुरतथून. आवाज नही करत म्हने. कोट आवाज नही करत, नि तुम्ही फटाकडा फोडतस!"

भाऊही हसला. दोघं हसत होते. त्यात वाईट काही नव्हतं, घरातलं लहान पोर बापाचे जोडे घालून फिरतं तेव्हा हसतात तसं ते होतं. म्हणूनच मला ते सोसेना. शिवी दिली असती तर मी उठून भांडलो असतो. आता उठायचं म्हणजे त्यांना मान खाली घालायला लावायची, आणि बसून राहायचं म्हणजे चोरासारखं ऐकायचं. मी बसून राहिलो. श्वाससुद्धा मोजून घेत होतो, आणि अंगातलं जॅकेट आपलं काम चोख करत होतं.

पण कुत्र्याला कापडाशी काय देणंघेणं? ते हुंगत हुंगत आडोशात आलं, मला बघून शेपटी हलवली आणि माझ्या बुटावर हनुवटी टेकून पसरलं. भावानं यू यू करून हाक मारली. ते उठेना. मी पायानं ढकललं तर त्याला ते लाड वाटले. पुन्हा हाक आली. मग भाऊ उठला आणि पळसाकडे चालत आला.

त्यानं फांदी बाजूला केली. त्याची नजर आधी बंदुकीवर गेली, मग माझ्या तोंडावर. साठी उलटलेली आम्ही दोन माणसं एकमेकांकडे बघत होतो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. त्याचे डोळे भरून आल्यासारखे दिसले, पण माझ्या डोळ्यांचा भरवसा मी आता कसा धरू? त्यानं कुत्र्याला मानगुटीला धरून उचललं आणि फांदी होती तशी सोडून दिली.

"काय शे तठे?" वहिनीनं विचारलं.

"काही नही. घूस उकरी ऱ्हायनं व्हतं," तो म्हणाला. "चाल घर. आज ऱ्हाऊ दे फटाकडा."

"का बरं?"

"ऱ्हाऊ दे."

ते गेले. मीही जाऊ शकलो असतो, पण बसूनच राहिलो. ऊन उतरलं. ढगातून अवकाळीचे चार थेंब पडले, ते खांद्यावरून घरंगळून गेले. आणि उजेड मावळता मावळता नाल्यातून डुकरं वर आली. आधी मला त्यांचा गुरगुराट ऐकू आला. मक्याची ताटं कडाकड मोडल्याचं ऐकू आलं. इतकी जवळ ती कधीच आली नव्हती. मी बघत होतो, आणि पहिल्यांदा मी स्वतःला खरं सांगितलं की मला नुसते काळे गोळे दिसताहेत. डुक्कर की पारडू की वाकलेलं माणूस, मला कळत नाही. गेल्या दोन वर्षांत कधीही कळलं नव्हतं. मी बंदूक उघडली, काडतूस काढून खिशात टाकलं. त्या आवाजानंही ती गेली नाहीत. त्यांचं पोट भरेपर्यंत मी बसून राहिलो. भावाचं पीक माझ्यादेखत जात होतं आणि मी हाकसुद्धा घातली नाही. हाक घालायला तोंड होतं कुठं?

घरी पोचलो तेव्हा भाऊ ओट्यावर होता. वहिनी चुलीपाशी. तो मोठ्यानं म्हणाला, "आते उना का? मी म्हनं स्कूटर बिघडनी का काय."

"हाव दादा," मी म्हणालो. "स्कूटर बिघडेल व्हती."

वहिनीनं गरम भाकर वाढली आणि कोट छान आहे म्हणाली. बाहीला हात लावून बघितला. "मऊ शे," म्हणाली. मी ताटातच बघून जेवलो.

सकाळी भाऊ लोळलेला मका बघून आला. किती गेला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "दादा, डोया तपाशी लेसू म्हनस. नि बंदूक ठाण्यामा जमा करी देसू."

तो फक्त "बरं" म्हणाला. पण वहिनीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. "कसाले भाऊजी? इतला भारी कोट लिना नि आते बंदूक दी देतस?" मला खूश करण्यासाठी ती बोलत होती, आणि आपलं बोलणं मी ऐकलंय हे तिला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काम कसं चालवलंत? भाऊ बरोबर होता. तो म्हणाला, अंदाजानं चालवलं. मुलीला सुट्टी मिळेना, म्हणून पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर मला कोरीटलाच नेलं. खाटेवर पडून राहायचं, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. बंदूक जमा करून परवाना परत केल्याचं गावात कळलं होतं. येणारा-जाणारा विचारायचा, काय शिकारी, कसं काय? मी बरं आहे म्हणायचो. भाऊ विषय बदलायचा. त्या संध्याकाळबद्दल आम्ही दोघं एकदाही बोललो नाही, आणि आता बोलू असं वाटत नाही.

त्या शनिवारपासून मी वहिनीच्या तोंडाकडे बघायचं टाळत आलो होतो. चहा घ्यायचो तो कपाकडे बघून, बोलायचो ते उंबऱ्याकडे बघून. तिच्या ते लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. पट्टी निघाल्यावर डोळ्यात थेंब टाकायचं काम तिनं आपण होऊन घेतलं. भावाचे हात कापतात म्हणून.

ती खाटेशी आली, एका बोटानं माझी खालची पापणी ओढली, आणि बाटली धरून थांबली. मी छताच्या पत्र्याकडे बघत होतो.

"तठे नही, भाऊजी," ती म्हणाली. "मन्हाकडे देखा."

मी बघितलं. तिच्या कपाळावरच्या आठ्या, भुवईतला एक पांढरा केस, सगळं स्वच्छ दिसत होतं. डोळ्यातून पाणी आलं. औषध झोंबतंय असं तिला वाटलं, आणि ती फुंकर घालायला वाकली.