नवऱ्यांची सभा

नवरा माकडटोपी घालून कुडकुडतोय आणि बायको पाठीशी टेबलफॅन लावून भाकऱ्या थापतेय, असं दृश्य मी पलूसजवळच्या त्या गावात पहिल्याच सकाळी पाहिलं. संक्रांत नुकतीच झाली होती. पहाटे नदीकडून असा गारठा यायचा की हातातला चहा दोन घोटांत थंड व्हायचा.

"पोरी, तुझा तो सर्वे हाय न्हवं, त्यात हे पैलं लिही," माकडटोपीतून आवाज आला. "मी लेहला बर्फात ड्यूटी केलीया. पण माझ्या घरातल्यावानी थंडी तिथं बी न्हवती."

"आवं, थंडी वाजती तर बाहेर उन्हात बसा की," काकू मागं न बघता म्हणाल्या. "माझ्या अंगाची आग व्हायलीया, ती तुमाला कशी दिसंल?"

मी तेव्हा विद्यापीठाच्या एका संशोधन प्रकल्पात काम करत होते. बायकांची पाळी जायच्या वयात त्यांना काय काय होतं, त्या ते कुणाला सांगतात आणि कुठं औषधपाणी करतात, हे गावात राहून समजून घ्यायचं होतं. मी मूळची मेढ्याची, पंचविशी ओलांडलेली, बिनलग्नाची. विषयातलं मला जे कळत होतं ते सगळं पुस्तकातलं. राहायला खोली मिळाली ती या माकडटोपीवाल्यांच्याच घरी, ते फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. हुद्दा हवालदाराचा असला तरी आमच्याकडं प्रत्येक निवृत्त फौजी हा मेजरच, त्यामुळं सगळं गाव त्यांना मेजर म्हणायचं. आठवडाभरात मीही म्हणू लागले.

काकूंची मुलाखत मी परसात बसून घेतली. त्या हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वय, उंचपुऱ्या, बोलायला मोकळ्या. पण विषय निघाला तसा त्यांचा आवाज खाली आला.

"छातीपासनं वाफ उठती बघ. वर डोक्यापतूर जाती, मग घामानं अंग भिजतंय. झोप न्हाई. कुणी नुसतं 'जेवलीस का' म्हटलं तरी भांडावं वाटतंय. आन पाळीचा तर काय मेळच न्हाई. दोन महिने येत न्हाई, आली की थांबत न्हाई."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"व्हय तर. पिशवी खराब झालीया म्हणाले, काढून टाकायची. पुढच्या महिन्यात ठरलंय. आमच्या जाऊबाईनं काढली, शेजारच्या दोघींनी काढली. आता माझी पाळी." एवढं बोलून आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या भाजी तशीच मांडीवर टाकून हसत सुटल्या. मलाही हसू आवरेना. भिंतीपलीकडून जाऊबाई डोकावून बघायला लागल्या.

हसणं थांबलं, पण एकाच गल्लीत ही चौथी पिशवी निघणार, हे मला खटकलं होतं. आमच्या कामाचा नियम पक्का होता. मी डॉक्टर नव्हते, तेव्हा 'हे करा, ते करू नका' असं सांगायची मला परवानगी नव्हती. मात्र प्रकल्पात स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो. त्या दर पंधरवड्याला पलूसला तपासायला यायच्या आणि आमच्याशी बोललेल्या कुठल्याही बाईला त्यांच्याकडं जाता यायचं. तेवढं मी सांगितलं. काकूंनी भाजीच्या काड्या गोळा केल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काढायची तर हायच. तवर अजून एक डॉक्टर बघून घिऊ. बाजाराला जातोय तर दोन दुकानं फिरतोच की आपण."

मेजरांनी मोटरसायकलवरून नेलं. मी मागून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं गेले. मॅडमनी शांतपणे सगळं विचारलं, तपासलं, सोनोग्राफी करायला लावली, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवला. त्याचा निकाल आला तेव्हा आम्ही पुन्हा त्यांच्यासमोर बसलो होतो.

"पिशवी चांगली आहे तुमची," मॅडम म्हणाल्या. "पाळी जायच्या वयात बऱ्याच जणींना असा त्रास होतो. रक्त मात्र कमी झालंय. त्याच्या गोळ्या देते, आणि अंगावरून जास्त जातंय त्याच्याही. पुन्हा दाखवायला यायचं."

"म्हंजी काढायची न्हाई?"

"कशासाठी काढायची?"

डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, अशा काकू पदर सावरत बसल्या. मग मॅडमनी मेजरांना आत बोलावलं. ते दारातच ताठ उभे राहिले. पाळी जाते म्हणजे काय होतं, अंगातून वाफा का येतात, झोप का मोडते, चिडचिड का होते, हे मॅडमनी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "दोन वरसं मला वाटतंय, ही माझ्यावरच चिडलीया."

"तेही असू शकतं," मॅडम म्हणाल्या.

काकू एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाहेरच्या बाकावरच्या बायका आत बघायला लागल्या.

घरी आल्यावर मात्र हसणं थांबलं. बातमी जाऊबाईंनीही ऐकली. त्यांची पिशवी काढली तेव्हा त्या पस्तिशीच्याही नव्हत्या. तेव्हापासून कंबर धरलेली, तीही कामानं धरली असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी मला उंबऱ्याशी थांबवलं.

"माझ्या येळंला कुठं हुतीस गं तू?"

त्या रागानं विचारत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मी त्यांचा हात धरला. पलीकडं मेजर बुटांच्या नाड्या सोडत होते. त्यांनी ते ऐकलं. नाडी तशीच हातात धरून ते म्हणाले, "दवाखाना कुठला, डॉक्टर कोण, सगळं आमी गडीमाणसंच ठरवतोय. आन आमालाच काय ठावं न्हाई. गड्यांना सांगाय पायजे."

सांगायचं ठरलं आणि मेजर फौजी तडफेनं कामाला लागले. रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा. मॅडम येणार होत्या. विद्यापीठाकडूनही होकार आला. फक्त एक गोष्ट मेजरांनी मला सांगितली नव्हती. गावातल्या निवृत्त फौजींना त्यांनी 'फॅमिली वेल्फेअरची मीटिंग' एवढंच कळवलं होतं. हॉल गच्च भरला, कारण निम्म्या लोकांना वाटलं पेन्शनचं काहीतरी आहे.

दहा वाजले तरी मॅडमचा पत्ता नाही. मग फोन आला. पुढं रस्त्यात उसाची ट्रॉली उलटली होती आणि दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या.

"तू सुरू कर," मॅडम म्हणाल्या.

"मी?"

"तुला सगळं येतं. मी पोचते."

समोर पांढऱ्या मिशांच्या रांगा. मी उभी राहिले. पहिलंच वाक्य पुस्तकातलं निघालं, त्यात 'संप्रेरकांचे असंतुलन' असं काहीतरी होतं. कुणी छताकडं बघतोय, कुणी चपलेकडं. एकानं शेजाऱ्याला हळूच विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "पेन्शनचं कवा निघायचं, गड्या?"

मी पुस्तक सोडलं. मेढ्यात आमच्या आळीत बायका जशा बोलतात तसं बोलायला लागले. पाळी जायच्या वयात बाईच्या अंगातून वाफा येतात, झोप उडते, उगाच रडू येतं. हा रोग नव्हे आणि नखराही नव्हे. हळूहळू कमी होतं, पण जास्त त्रास असेल तर औषध आहे. रक्त फार जात असेल तर तपासून घ्यायलाच पाहिजे, मात्र प्रत्येक वेळी पिशवी काढावीच लागते असं नाही.

पहिल्या रांगेतले एक धिप्पाड गृहस्थ हात वर करून म्हणाले, "ताई, शेरातल्या बायकांचं असंल असलं. आमच्या घरात असलं काय न्हाई."

"न्हाई कसं?" खिडकीबाहेरून आवाज आला. "तुमी घोरत पडता, तुमाला काय दिसतंय?"

सगळ्या माना खिडकीकडं वळल्या. बायकांना सभेला बोलावलं नव्हतं, पण काकूंनी त्यांना आणून भिंतीला लागून ओळीनं बसवलं होतं. आधी मेजर हसले. मग सगळा हॉल. ते धिप्पाड गृहस्थ सुद्धा टोपी तोंडावर धरून गदगदा हसत होते. "तीच हाय," ते शेजाऱ्याला सांगत होते, "आमचीच हाय."

त्यानंतर मला फार बोलावंच लागलं नाही. मेजर उठले आणि त्यांनी घरातली सगळी गोष्ट सांगितली, कपाट उघडून दाखवल्यासारखी. मग प्रश्न सुरू झाले. हे किती वरसं चालतंय? दुसऱ्या डॉक्टरला विचारलं तर पैला रागावंल का? एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बरं, ह्याला खायला काय घालायचं?" अगदी गाभण म्हशीची चौकशी करावी तशा काळजीनं.

"दूध, नाचणी, तीळ, पालेभाजी," मी म्हणाले.

"आदी एक दिस आयतं खायला घाला!" खिडकीतून सूचना आली.

मॅडम पोचल्या तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आतले बाहेरच्यांशी भांडत, हसत बोलत होते. त्या दारात थांबून बघत राहिल्या. "मला आता काय ठेवलंयस?" त्यांनी मला विचारलं. ठेवलेलं बरंच होतं. त्यानंतर दोन तास त्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या. पेन्शनचं कुणी काढलं नाही.

पुढच्याच पंधरवड्यात जाऊबाईंना त्यांच्या नवऱ्यानं आपण होऊन मॅडमकडं आणलं. पाळी अशी अवेळी गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात, म्हणून हाडांची तपासणी झाली, गोळ्या आणि व्यायाम सुरू झाले. कंबर पूर्ण बरी झाली नाही, पण त्या रोज सकाळी रस्त्यानं फिरायला जाऊ लागल्या, आणि नवरा दोन पावलं मागून. प्रकल्पात नवऱ्यांशी बोलायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं, ते आता कामाचा भाग झालं. शिरवळपासून पलूसपर्यंत आम्ही अशा किती सभा घेतल्या. दर वेळी पहिली पाच मिनिटं सगळे चपलांकडंच बघायचे.

मी साताऱ्याला परतले होते तेव्हा एक दिवस काकूंचा फोन आला. "पाळी थांबून वरीस झालं. मॅडम म्हणाल्या, आता गेली म्हणायची. जेवायला ये. मॅडमना बी घिऊन ये."

"कसलं जेवण, काकू?"

"न्हाण आलं तवा आत्यानं केळीचे खांब लावून मखर केलं हुतं. गावभर साखर वाटली. येताना एवढं कौतुक, मग जाताना का चोरून जायाचं तिनं?"

आम्ही गेलो. अंगणात रांगोळी, गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका. बसायला पाट दोन मांडलेले. एकावर काकू बसल्या, दुसऱ्यावर त्यांनी जाऊबाईंना ओढून बसवलं. त्या नको नको म्हणत होत्या.

"बस गं," काकू म्हणाल्या. "कशी का जाईना, तुझी बी गेलीच की. तवा कुणी विचारलं न्हाई, आता बस."

दोघींच्या ओट्या भरल्या. जाऊबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच शेजारणीला म्हणाल्या, "नारळ बघून घातलास न्हवं? सडका नको."

पंगत बसली. वाढायला दोघे भाऊच होते, कमरेला पंचे गुंडाळून. मेजर पुरणपोळीवर तुपाची धार धरत ओळीनं पुढं येत होते आणि मॅडमना आग्रह करून तिसरी पोळी वाढत होते. जाऊबाईंनी आपल्या नवऱ्याला लांबून हाक मारली.

"आवं, हिकडं कटाची आमटी आणा. आन गरम हाय का बघून आणा."

"आणतो की," ते म्हणाले आणि पातेलं घेऊन पुन्हा चुलीकडं वळले.